तेव्हा थर्मामीटर कुठे होता?

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी हा प्रश्न पाठवला आहे. नववीच्या वर्गात हिमयुग शिकवताना ते म्हणाले, की २१ हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा थंड होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तेव्हा थर्मामीटर कुठे होता?" समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्मजीवाश्मांवरून कळतं, एवढं सरांनी सांगितलं, पण ते कसं, हे पुस्तकात नव्हतं. म्हणून ते विचारतात: चुन्याच्या एवढ्याशा कणावरून तापमान कसं काढतात, समुद्राच्या पोटातले प्रवाह तेव्हा कसे वाहत होते हे कसं ठरवतात, आणि या सगळ्यात पुरावा किती नि अंदाज किती?

सर, आधी त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. मी बेळगावात शहापूरला वाढले आणि पुढं सव्वीस वर्षं गोव्यात समुद्राच्या गाळावर काम केलं. उत्तर लांबणार आहे. थोडक्यात सांगितलं की हे जादूसारखं वाटतं, आणि जादू वाटली की शंका मिटत नाही, नुसती दबून राहते.

हा कण म्हणजे काय, तिथून सुरू करू. फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव. आम्ही बोलताना नुसतं फोरॅम म्हणतो. बहुतेकांची कवचं कॅल्शियम कार्बोनेटची असतात, म्हणजे चुनखडी ज्याची बनते त्याचीच. आकार बारीक रव्याच्या दाण्याएवढा. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात, काही तळावर किंवा तळाच्या चिखलात. तरंगणाऱ्यांचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. जीव संपला की कवच खाली बसतं आणि गाळाचा भाग होतं. भर समुद्रात हा गाळ हजार वर्षांत १ ते ३ सेंटिमीटर साचतो, त्यामुळे वीतभर गाळ म्हणजे सुमारे दहा हजार वर्षं. आपल्या किनाऱ्याजवळच्या उतारावर नद्यांची माती येऊन मिसळते, म्हणून तिथं तो पुष्कळ वेगानं चढतो. समुद्रतळाचा केवढा मोठा भाग या कवचांनी झाकलेला आहे, हे चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जगासमोर आलं.

आपल्याकडची मुलं इथं हमखास विचारतात, "मॅडम, लोकापूर-बागलकोटच्या चुनखडकात हे सापडतील का?" नाही सापडणार. तो खडक कलादगी खोऱ्यातला, शंभर कोटी वर्षांहून जुना. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो तोही त्याच खोऱ्यातला. कवच बांधणारे फोरॅम आले सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, आणि तरंगणाऱ्या जाती तर १७-१८ कोटी वर्षांपूर्वी. बेळगाव शहराखालचा काळा दगड हा लाव्हा. म्हणून आपल्या पावसाचा हा इतिहास वाचायचा तर घाट उतरून समुद्रावरच जावं लागतं.

जहाजावरून वजनदार नळी तळात घुसवायची आणि तिच्यात अडकलेला गाळाचा दंडगोल वर आणायचा, त्याला कोअर म्हणतात. १९४० च्या दशकात स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनी नळीत दट्ट्या बसवला आणि दहा-वीस मीटर लांबीचे कोअर न चुरगळता वर येऊ लागले. कोअर उभा चिरतात. एक अर्धुक कायमचं जपून ठेवतात, दुसऱ्याच्या एक-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करतात. चकती वाळवायची, पाण्यात भिजवायची आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायची. चिखल वाहून जातो, वर पांढरी रेती उरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की रेतीचा एकेक दाणा म्हणजे एकेक घर असतं: कुणी गोल फुगीर, कुणी चपटं, कुणी पिळाचं. ट्रिपल झिरोचा ब्रश किंचित ओला करून त्यावर एकेक कवच उचलायचं. सुपात तांदूळ निवडताना जशी नजर बसते, तशी इथं बसायला वर्ष जातं. माझी बसायला दीड वर्ष गेलं.

आता तापमान. सगळ्यात जुनी पद्धत सरळ आहे: कोण कुठं राहतं ते पाहा. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही उष्ण पाण्यातली जात, निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा ध्रुवाकडची. १९२५ ते १९२७ मध्ये मेटिऑर जहाजानं अटलांटिकमधून आणलेल्या गाळात वोल्फगांग शॉट यांना १९३५ साली दिसलं, की ग्लोबोरोटालिया मेनार्डी ही उष्ण पाण्यातली जात वरच्या थरात आहे, मधल्या थरात गायब आहे आणि त्याखाली पुन्हा हजर आहे. मधला थर हिमयुगाचा. पुढं १९७१ मध्ये इम्ब्री आणि किप यांनी याला गणिताची बैठक दिली. आजच्या तळावर, वरच्या पाण्याचं तापमान ठाऊक असलेल्या ठिकाणी, कोणत्या जाती किती टक्के आहेत ते मोजायचं. त्यावरून सूत्र बसवायचं आणि ते जुन्या थरांना लावायचं. याच वाटेनं क्लायमॅप प्रकल्पानं १९७६ मध्ये हिमयुगातल्या समुद्राचा पहिला नकाशा काढला.

ही पद्धत उत्तर अटलांटिकमध्ये उत्तम चालते. आपल्या समुद्रात मी तिच्यावर एकटीवर विसंबत नाही. पाणी २५ अंश असो की २८, इथं उष्ण पाण्यातल्याच जाती राहतात, आणि त्यांचं प्रमाण तापमानापेक्षा खाद्यावर जास्त हलतं. उष्ण कटिबंध हिमयुगात फारसा थंडावलाच नव्हता, असं क्लायमॅपनं सांगितलं होतं. त्यावर पुढं वीस-पंचवीस वर्षं वाद झाला आणि आज थंडावा त्यांच्या आकड्यापेक्षा जास्त धरला जातो. शिवाय जात ओळखण्यातही खाचखळगे आहेत. पॅकिडर्माची डावीकडे वळलेली कवचं थंडीची आणि उजवीकडे वळलेली उबेची, असं आम्ही एका जातीची दोन रूपं म्हणून शिकलो. जनुकं तपासल्यावर त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या.

दुसरी पद्धत ऑक्सिजनची. निसर्गात ऑक्सिजन मुख्यतः १६ वजनाचा. साधारण पाचशेत एक अणू १८ वजनाचा, म्हणजे जड. कवच बांधताना थंड पाण्यात जड ऑक्सिजन थोडा जास्त घेतला जातो. हॅरॉल्ड युरे यांनी १९४७ मध्ये यावरून जुनं तापमान काढता येईल असं दाखवलं, आणि १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी फोरॅमवर ते केलं. पाणी १ अंशानं थंडावलं तर कवचातलं जड ऑक्सिजनचं प्रमाण दर हजारी सुमारे ०.२२ नं वाढतं. एमिलियानींच्या आलेखात हिमयुगं आणि उबेचे काळ ओळीनं चढउतारात दिसले. आलेख खरा होता, पण त्याचा अर्थ अर्धा चुकला होता.

समुद्राचं पाणी बाष्प होताना हलका ऑक्सिजन आधी उडतो. एरवी तो पावसातून, नद्यांतून परत येतो. हिमयुगात मात्र तो जमिनीवर बर्फ होऊन हजारो वर्षं अडकून पडला, समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेली, आणि मागं उरलेलं पाणीच जड झालं. म्हणजे पाणी अजिबात थंडावलं नसतं तरी कवचं जड झालीच असती. एमिलियानींनी हा बर्फाचा वाटा धरला होता, पण फार कमी. केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये तळावरच्या फोरॅमकडे बोट दाखवलं. खोल तळाचं पाणी आज गोठणबिंदूच्या जवळपास आहे, त्याला आणखी फार थंडावायला जागाच नाही. तरी तिथली कवचंही वरच्या कवचांइतकीच जड झालेली दिसतात. तेव्हा त्या चढउतारात मोठा वाटा बर्फाचा. आज हिमयुगाच्या टोकाशी बर्फाचा वाटा दर हजारी १.० च्या आसपास धरतात. हाच आलेख पुढं सगळ्या जगाच्या समुद्रगाळाचं पंचांग झाला. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी त्यात पृथ्वीच्या कक्षेची आणि आसाच्या कलाची, सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची आवर्तनं दाखवली, आणि २००५ मध्ये लिसिएकी आणि रेमो यांनी जगभरचे ५७ कोअर जुळवून ५३ लाख वर्षांचा एक सलग आलेख तयार केला.

मग कवचातल्या या एका आकड्यातून तापमान वेगळं कसं काढायचं? त्यासाठी बर्फाशी काही संबंध नसलेला दुसरा मोजमापी हवा. तो त्याच कवचात असतो. कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं, आणि पाणी जितकं उबदार तितकं जास्त शिरतं. दर अंशाला सुमारे ९ टक्के. मी शिकवताना हे प्रत्यक्ष करून दाखवायची, म्हणून इथंही दाखवते. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण आपल्या किनाऱ्यासमोर असं गणित खरोखर पडतं.

समजा, कारवारसमोरच्या एका कोअरमध्ये वरच्या थरातल्या रुबरच्या कवचात मॅग्नेशियम दर मोल कॅल्शियमला ४.७ मिलिमोल आहे, म्हणजे कॅल्शियमच्या हजार अणूंमागे मॅग्नेशियमचे ४.७. रूढ सूत्रात घातलं की २८ अंश येतात. २१ हजार वर्षांपूर्वीच्या थरात ते ३.६ आहे, २५ अंश येतात. म्हणजे थंडावा ३ अंशांचा. आता त्याच कवचांचा ऑक्सिजन पाहा. समजा जुनी कवचं नव्यांपेक्षा दर हजारी १.९ नं जड आहेत. त्यातला १.० बर्फाचा, काढून टाका. उरले ०.९. तीन अंशांच्या थंडाव्याचे ३ गुणिले ०.२२ म्हणजे ०.६६, तेही काढा. उरले ०.२४. हे ०.२४ कुठून आलं? त्या जागचं पाणी तेव्हा एवढ्यानं जड होतं, म्हणजे जास्त खारट होतं. नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी त्यात कमी मिसळत होतं.

अंदाज किती, हा तुमचा तिसरा प्रश्न नेमका इथं येतो. मॅग्नेशियमच्या तापमानात किमान एक अंशाची चूक धरावी लागते, म्हणजे ऑक्सिजनच्या हिशोबात ०.२२. बर्फाच्या आकड्यात ०.१, यंत्राच्या मोजणीत जवळपास तेवढीच. रीतीप्रमाणे सगळं मिळवलं तर एकूण चूक पाव होते. आणि आपल्याला मिळालेलं उत्तर आहे ०.२४. एका चकतीवरून "हिमयुगात पाऊस कमी होता" असं म्हणणाऱ्याचं मी ऐकणार नाही. शेजारच्या पंधरा चकत्या एकाच बाजूला झुकल्या तर विश्वास वाढतो, कारण मोजणीच्या चुका एकमेकींना खातात. सूत्रातच खोट असेल तर ती मात्र पंधराही चकत्यांत सारखीच राहते. खारेपणा वाढला तर मॅग्नेशियमही थोडं वाढतं. खोल पाण्यात कवच विरघळायला लागलं तर मॅग्नेशियमवाला भाग आधी जातो आणि पाणी उगाचच थंड भासतं. थंडावा ३ अंश, हे मी ठामपणे सांगेन. पावसाबद्दल सांगण्याआधी दुसरा साक्षीदार बोलावीन.

याचा आपल्या तालुक्याशी काय संबंध, तो सांगते. दर पंधरवड्याला मी चोर्ल्याच्या रस्त्यानं घरी यायची. कणकुंबीला गाडी थांबली की एका बाजूला मलप्रभेचा उगम आणि पलीकडच्या उतारावर म्हादईकडे जाणारा कळसा नाला. एकाच ढगातलं पाणी मलप्रभेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. कळशातलं म्हादईतून पणजीजवळ अरबी समुद्रात. हे घाटाचं पाणी हलक्या ऑक्सिजनचं असतं. पावसाळ्यानंतर किनाऱ्यासमोर वरच्या पाण्याचा खारेपणा उतरतो आणि त्या पाण्यात वाढणाऱ्या रुबरच्या कवचात तो हलकेपणा बांधला जातो. ढोबळ अर्थानं, खानापूरच्या जंगलावर पडलेल्या पावसाचा एक अंश त्या रव्याच्या दाण्यात आहे.

पण गुंता पुढं आहे. हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून पुढं, बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून भारताच्या पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेकडे चढतं. ज्या उपसागरात कृष्णा, गोदावरी, गंगा, ब्रह्मपुत्रा रिकाम्या होतात, त्याचंच हे पाणी. कणकुंबीला पाठीला पाठ लावून वेगळ्या झालेल्या दोन पाण्यांची भेट अशी समुद्रात होऊ शकते. म्हणून कारवार-मंगळूरसमोरच्या कवचात पाणी गोडं दिसलं, तर घाटावर पाऊस वाढला होता की किनाऱ्याचा प्रवाह जोरात होता, हे त्या एका कवचावरून सांगता येत नाही. आणि हिमयुगात पातळी सव्वाशे मीटर खाली असताना किनारा कित्येक मैल पश्चिमेला सरकला होता. काळी नदीचं मुख कोअरच्या जागेच्या कितीतरी जवळ आलं होतं. पाऊस तेवढाच असता तरी पाणी जास्त गोडं दिसलं असतं. हे लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष मी परीक्षक म्हणून परत पाठवले आहेत.

म्हणून दुसरे साक्षीदार. कवचातलं बेरियम नदीच्या पाण्याबरोबर वाढतं, ते मोजतात. गाळात जमिनीवरचे परागकणही असतात: कारवारसमोरच्या कोअरमधल्या परागकणांवरून कारातिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून खारफुटीचे परागकण रोडावतात आणि हवामान कोरडेपणाकडे झुकतं. पूर्वेच्या बाजूला, गोदावरीच्या मुखासमोरच्या एका कोअरमध्ये पानांवरच्या मेणाचे अवशेष मोजून २०१२ मध्ये मध्य भारत टप्प्याटप्प्यानं कोरडा होत गेल्याचं मांडलं गेलं. फोरॅम, पराग आणि मेण ही तीन वेगळ्या मार्गांनी समुद्रात आलेली साक्ष. ती जिथं जुळते तिथं मी मान डोलावते. राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कारवारसमोरच्या गाळातल्या फोरॅमवरून भारतातल्या दुष्काळांचं ७७ वर्षांचं आवर्तन सुचवलं, ते आपल्या भागात कधी कधी ठाम वेळापत्रकासारखं सांगितलं जातं. तो विचार करण्याजोगा निष्कर्ष आहे. त्यावरून पुढचा दुष्काळ कधी ते सांगू नये.

माझ्या हातून झालेली एक चूक मुलांना जरूर सांगा. कामाच्या चौथ्या वर्षी माझ्या कोअरमध्ये एका थरात पाणी अचानक दोन अंशांनी उबदार झालेलं दिसलं. तीन आठवडे मी त्याचं कारण शोधण्यात घालवले, वाऱ्याचं, प्रवाहाचं. मग वरिष्ठांनी विचारलं, ॲल्युमिनियम मोजलंस का? मोजलं नव्हतं. मोजलं, तर त्या थरात ते भरमसाट निघालं. कवचांच्या खोल्यांत चिकणमाती अडकून राहिली होती, आणि मातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. मी समुद्राचं तापमान म्हणून घाटावरून आलेली माती मोजली होती. खानापूरच्या कौलांची माती हातात घेतलेल्या कुणालाही ठाऊक आहे ती किती चिकटते. तेव्हापासून कवचं दोन काचांमध्ये हलकी फोडून, शुद्ध पाण्यानं, मग मिथेनॉलनं पुन्हा पुन्हा धुवायची आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय भाग जाळायचा, यातली एकही पायरी मी घाईनं केली नाही. प्रत्येक नमुन्याचं ॲल्युमिनियम आणि लोह मॅग्नेशियमच्या शेजारी लिहिते. ज्या निबंधात ते आकडे नसतात तो मी बाजूला ठेवते.

तापमानाचे आणखी मार्ग आहेत. एमिलियानिया हक्सलेयी नावाचं सूक्ष्म शैवाल पाणी उबदार असेल तशी आपल्या एका मेणासारख्या द्रव्याची रचना बदलते. समशीतोष्ण समुद्रात ही खूण फार विश्वासू, पण २८-२९ अंशांच्या वर तिची पट्टी संपते, म्हणून आपल्या मे महिन्यातल्या समुद्राला ती अपुरी पडते.

आता प्रवाह. वरच्या पाण्याचे प्रवाह आणि वारे जातींच्या टक्केवारीवरून चांगले कळतात. नैऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्यावरून वाहतो तेव्हा वरचं पाणी दूर ढकललं जातं आणि खालचं थंड, खाद्यानं भरलेलं पाणी वर येतं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही एरवी थंड समुद्रातली जात तिथं पावसाळ्यात उफाळून येते. त्यामुळे तिचं प्रमाण जास्त असलेला थर म्हणजे मोसमी वाऱ्याची जोरदार वर्षं. खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओमानसमोरच्या कोअरमध्ये याच जातीच्या आधारे दाखवलं, की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा थंडावला तेव्हा आपला मोसमी वारा दुबळा झाला. हे मी नवख्यांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही: ग्रीनलंडजवळचा समुद्र आणि जांबोटीचं भाताचं शेत एका दोरीला बांधलेली आहेत.

खोल प्रवाह कळतात कार्बनवरून. वरच्या पाण्यातल्या वनस्पती हलका कार्बन उचलतात, मरून खाली जातात आणि कुजताना तो खोल पाण्यात सोडतात. पाणी पृष्ठभागापासून जितका काळ दूर, तितका त्यात हलका कार्बन जास्त साठलेला. जड कार्बन एका ठरलेल्या नमुन्याच्या तुलनेत किती कमी-जास्त, ते मोजतात. आज उत्तर अटलांटिकात बुडालेलं ताजं पाणी दर हजारी जवळपास +१ वर असतं. शेकडो वर्षं खोलवर फिरून उत्तर पॅसिफिकला पोचलेलं शून्याच्या आसपास किंवा त्याखाली. हाच आकडा तळावरच्या फोरॅमच्या कवचात उतरतो. मात्र फोरॅम कुठला, हे महत्त्वाचं. सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी गाळाच्या वर, खळाळत्या पाण्यात बसतो, म्हणून तो पाण्याचा कार्बन सांगतो. युव्हिजेरिना चिखलात घुसून राहतो. तो चिखलात कुजणाऱ्या द्रव्याचा कार्बन सांगतो. नमुना कमी आहे म्हणून दोन्ही एकत्र केले, की सगळा प्रवाहच उलटा दिसू शकतो.

अटलांटिकात वेगवेगळ्या खोलीवरच्या कोअरमधून असे आकडे मांडले तेव्हा दिसलं, की हिमयुगात उत्तरेचं ताजं पाणी आजच्याइतकं खोल जात नव्हतं. ते मधल्या खोलीवरच थांबायचं आणि तळात अंटार्क्टिकाकडचं पाणी उत्तरेला दूरवर शिरायचं. हिमयुग संपताना, साधारण १७ हजार वर्षांपूर्वी, हिमनगांचे तांडे उत्तर अटलांटिकात वितळले तेव्हा हे बुडणं जवळजवळ थांबलं, असं गाळातल्या प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून २००४ मध्ये मांडलं गेलं. त्या काळाच्या थरांत अरबी समुद्रातला मोसमी वाराही खचलेला दिसतो.

आपल्या बाजूचं वैशिष्ट्य असं, की हिंदी महासागराला उत्तरेकडून जमिनीनं बंद केलं आहे. इथं खोल पाणी तयारच होत नाही. गोव्यासमोर अडीच-तीन किलोमीटर खोल जे पाणी आहे, साधारण दोन अंशांचं, ते दक्षिणेकडून आलेलं. त्याचं वय काढायला आणखी एक युक्ती आहे: एकाच चकतीतल्या तरंगत्या आणि तळावरच्या फोरॅमचं वेगवेगळं कार्बन-१४ मोजायचं. हा हवेत तयार होणारा आणि काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन. दोघं एकाच काळात मेले, तरी तळावरचा जास्त म्हातारा दिसतो, कारण ज्या पाण्यात तो वाढला तेच पाणी शेकडो वर्षं हवेला भेटलेलं नसतं. त्या दोन वयांतला फरक वाढला की समजायचं, खोल पाण्याची फेरी मंदावली होती.

काळ कसा ठरवतात, हे लवकर सांगते. ५० हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४. त्यापलीकडे ऑक्सिजनचा आलेख जगाच्या पंचांगाशी जुळवून, आणि पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या उलथापालथीच्या खुणांवरून. त्यातली शेवटची मोठी सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. एक मर्यादा सांगायलाच हवी: तळावरचे किडे वरचा सात-दहा सेंटिमीटर गाळ सतत उलथत असतात. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर साचणाऱ्या जागी एखाद्या शतकाचा दुष्काळ शोधणं व्यर्थ आहे. अशा शोधासाठी भराभर साचलेला गाळ हवा, आणि म्हणूनच आपला किनारा मोलाचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये समुद्रतळ खोदणारं जॉयडिस रिझोल्यूशन जहाज आपल्याच समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात आलं. साडेतीन हजार मीटर पाण्याखाली दोन ठिकाणी अकराशे मीटरहून खोल छिद्रं पाडली गेली. त्या गाळावर अजून काम चालू आहे, आणि त्या मुलीचं शिक्षण होईपर्यंत चालूच असेल.

वर्गासाठी एक करता येईल. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुलांना कारवारला न्या. काळी नदीच्या मुखाजवळ ओहोटीच्या वेळी ओल्या रेतीवर जी बारीक फिकट रेघ राहते, ती वरवर खरवडून डबीभर घ्या. घरी गोड्या पाण्यानं दोनदा धुवा, सावलीत वाळवा, जुन्या सुती कापडातून किंवा मैद्याच्या चाळणीतून चाळा. काळ्या कागदावर चिमूटभर पसरून वीसपट दाखवणाऱ्या भिंगाखाली बघा. पिळाच्या आकाराचे, मधोमध गाठ असलेले पांढरे दाणे दिसले तर तो बहुधा ॲमोनिया. किनाऱ्यालगत राहणारा, खारं-गोडं दोन्ही सोसणारा. दोन-चार दाण्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, मग तो चुनाच. बाकीचे टाकू नका. प्रत्येक मुलानं आपल्याला सापडलेल्या शंभर दाण्यांत कुठल्या आकाराचे किती, ते वहीत लिहावं, आणि डबीवर जागा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा. पाऊस कमी-जास्त झालेल्या वर्षांत हे आकडे हलतात का, ते पाच वर्षांत दिसू लागेल. त्या वह्या मला वाचायला आवडतील. शहापूरला येणं झालं की डब्याही घेऊन या, माझा सूक्ष्मदर्शक अजून चालू आहे.